माया ठेवून कापा

इचलकरंजीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास चालतो आणि भिंतीपलीकडच्या शेडमध्ये यंत्रमाग चालतात. कुणी बाळंतपणाला माहेरी गेलेली असते, कुणाची भांगलण सुटत नाही. अशा मुलींचा क्लास बुडू नये म्हणून मी ब्लाउजचं कटिंग फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला लागले. पहिला व्हिडिओ बावीस मिनिटांचा होता आणि त्यातली निदान चार मिनिटं मी खडू शोधत होते. एका मुलीनं सांगितलं, "मॅडम, पुढं ढकलून ढकलून बघितला, पण मुंढा कुठं कापला तेच सापडलं नाही." मुंढा म्हणजे बाही जोडतो तो काखेकडचा गोल भाग.

त्या दिवशी ठरवलं, व्हिडिओ कापायला शिकायचंच. तीस वर्षं कात्री चालवतेय, ही एक आणखी.

भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप दिला आणि वर सल्ला दिला, "मावशी, मूव्ही मेकर घे, सोप्पा असतो." विंडोजचा तो मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०१७ मध्येच बंद केलेला. मग त्यानंच शॉटकट नावाचं व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. हे फुकट आहे, व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाही, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर मिळतं. एचडी कामाला ८ जीबी रॅम हवी असं बनवणारेच सांगतात. माझ्या लॅपटॉपात ४ आहे. कसं भागवते ते पुढं येईलच.

सुरुवात सॉफ्टवेअर उघडून करू नका, फोल्डरपासून करा. गिऱ्हाइकाचं कापड, अस्तर, हूक, मापाचा जुना ब्लाउज असं सगळं आपण एका पिशवीत ठेवतो ना, तसं एका व्हिडिओचं सगळं सामान एका फोल्डरात टाकायचं: फोनवरचे तुकडे, आवाज, फोटो, गाणं. आणि काम पुरं होईतो ते फोल्डर हलवायचं नाही. मी एकदा हौसेनं प्रोजेक्टची फाइल पेन ड्राइव्हवर घालून एका मुलीला दिली. अख्खा व्हिडिओ ८४ केबीत मावला याचंच मला कौतुक. तिच्याकडं उघडला तर सगळ्या तुकड्यांच्या जागी "फाइल सापडत नाही". शॉटकटच्या त्या एमएलटी फाइलीत व्हिडिओ नसतोच. कुठला तुकडा कुठून घ्यायचा, कुठं कापायचा, एवढंच लिहिलेलं असतं. मापाची वही म्हणा. वही दिली म्हणून ब्लाउज दिला असं होत नाही.

शॉटकट उघडलं की ते प्रोजेक्टचं नाव आणि व्हिडिओ मोड विचारतं. आडवा व्हिडिओ हवा की उभा, हे इथंच ठरवा. आडव्याचं माप १९२० बाय १०८०, उभ्याचं १०८० बाय १९२०. मोड 'ऑटोमॅटिक'वर ठेवला तर तुम्ही पहिला जो तुकडा घालाल त्याचं माप तो धरतो. पहिला चुकून उभा घातला की पुढचे सगळे आडवे तुकडे वरखाली काळ्या पट्ट्या घेऊन बसतात. कटिंग टेबलावरचं काम आडवंच घ्या. कापड आडवं पसरतं, मग चित्र उभं कशाला?

फोनवरचा तुकडा आत घेतला की बऱ्याचदा एक खिडकी येते: ही फाइल एडिटिंगला सोयीची करून घेऊ का? 'नको' म्हणून पुढं जाऊ नका. फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो असं आपण म्हणतो, पण उजेड कमीजास्त झाला की तो ती संख्या वरखाली करतो, आणि मग पुढं जाऊन ओठ एकीकडं, आवाज एकीकडं असं होतं. 'हो' म्हणा. थोडा वेळ जाईल, तोवर चहा ठेवा.

आता पडदा समजून घ्या. वर मध्ये चित्र दिसतं, खाली लांबच लांब पट्टी असते ती टाइमलाइन. टाइमलाइन म्हणजे आपलं कटिंग टेबल. बाजूला प्लेलिस्ट, म्हणजे कापडाचा ढीग. बाकीच्या पन्नास बटणांकडं महिनाभर बघायचं नाही. शिलाई मशिन शिकवताना मी पहिल्या दिवशी झिगझॅगबद्दल बोलते का?

तुकडा उघडायचा, चालवायचा. स्पेसबारनं चालतो-थांबतो. काम जिथं सुरू होतं तिथं कीबोर्डवरचं आय दाबा, संपतं तिथं ओ. मग ए. तेवढा भाग टाइमलाइनच्या शेवटाला जाऊन जोडला जातो. पुढचा तुकडा, पुन्हा आय, ओ, ए. मी याला बेतणं म्हणते. आधी सगळं बेतून घ्या, कात्री नंतर.

कात्री म्हणजे एस. टाइमलाइनवर जी उभी रेघ फिरते तिला प्लेहेड म्हणतात. ती जिथं उभी असेल तिथं एस दाबलं की तुकड्याचे दोन होतात. नको तो निवडा आणि एक्स दाबा, मागचा तुकडा सरकून पुढं चिकटतो. झेड दाबलंत तर तुकडा जातो पण जागा रिकामी राहते आणि तिथं काळा पडदा दिसतो. सुरुवातीला हटकून झेड दाबलं जातं. उसवायचं असेल तर कंट्रोल-झेड. कापडाला ही सोय असती तर माझ्या उमेदवारीच्या काळात किती तरी ब्लाउजपीस वाचले असते.

माझ्या क्लासात पहिला महिनाभर एकच वाक्य ऐकू येतं: माया ठेवा. माया म्हणजे शिलाईच्या बाहेर राखलेलं जादा कापड. बाजूला दीड इंच माया ठेवली तर उद्या बाई जाड झाली तरी ब्लाउज उसवून सैल करता येतो. व्हिडिओतही तेच. रेकॉर्ड करताना कामाच्या आधी तीन सेकंद आणि नंतर तीन सेकंद फोन नुसता चालू ठेवा, हात स्थिर, तोंड बंद. ही माया. फोनच्या गॅलरीत तुकडे छाटून लॅपटॉपवर आणू नका, तिथं छाटलेलं बऱ्याचदा कायमचं जातं. शॉटकटमध्ये कापलेलं मात्र जात नाही. तुकड्याची कड माउसनं धरून ओढली की दडलेला भाग परत बाहेर येतो, कारण मूळ फाइलला धक्काच लागलेला नसतो. एक चित्र विरून दुसरं यावं असं वाटलं तर एक तुकडा ओढून दुसऱ्यावर थोडा चढवायचा. पण जेवढा चढवाल तेवढी दोन्हीकडची माया खर्च होते. माया नसेल तर आपल्या बोलण्याची शेपटी त्यात विरते.

एक दुरुस्ती सावकाश सांगते, कारण यातच निम्मं एडिटिंग आलं. छत्तीस छातीचा ब्लाउज. मी टेप लावून म्हणाले, "मुंढा साडेसात... नाही नाही, साडेसहा." आता हे "साडेसात नाही नाही" काढायचं. टाइमलाइनवर तुकड्याच्या पोटात आवाजाची नक्षी दिसते, बोललं की डोंगर, गप्प की सपाटी. माझ्याकडं मागांमुळं सपाटी कधी नसतेच, नुसता जाड गोट लावल्यासारखा पट्टा दिसतो, त्यात बोलणं जरा उंच उठतं. बरोबरच्या चिन्हानं टाइमलाइन मोठी केली, प्लेहेड "मुंढा" या शब्दाजवळ नेला आणि मग बाणाच्या कळीनं एकेक चित्र पुढं सरकले. एका सेकंदात अशी तीस घरं. "मुंढा"चा "ढा" पुरा झाला तिथं एस. "साडेसहा"चा "सा" सुरू व्हायच्या एक-दोन घरं आधी पुन्हा एस. मधला तुकडा निवडून एक्स. चालवून ऐकलं: "मुंढा साडेसहा." आवाज एकसंध.

चित्र मात्र उडी मारतं. टेप धरलेला हात मुंढ्यावरून एकदम बोटभर खाली. बघणारीला काय कापलं ते कळत नाही, पण काहीतरी खटकतं. इथं ठिगळ लावायचं. कंट्रोल-आय दाबलं की वर दुसरा व्हिडिओ ट्रॅक, म्हणजे टाइमलाइनवर आणखी एक पट्टी येते. मी टेपवरच्या आकड्यांचं जवळून घेतलेलं चित्र त्या उडीच्या बरोबर वर ठेवलं, अडीच सेकंद. वरच्या ट्रॅकचं चित्र खालच्याला झाकतं आणि आवाज खालून चालूच राहतो. पण आवाज वरच्या तुकड्याचाही येतो बरं का. पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा मधूनच दुप्पट माग सुरू झाल्यासारखे वाटले. वरच्या ट्रॅकच्या डोक्यावर स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबून तो मुका करायचा. तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी मी खडू, टेप, कात्रीचं टोक, कापडाचा पोत यांची पाच-पाच सेकंदांची जवळची चित्रं घेऊन ठेवते. चिंध्या जपून ठेवतो तशा. कधी ना कधी लागतातच.

आवाजाबद्दल माझं मत ठाम आहे: चित्र थोडं धूसर चालेल, आवाज खराब असेल तर बाई दहाव्या सेकंदाला बंद करते. पंख्याची घरघर हाय पास नावाच्या फिल्टरनं कमी होते. यंत्रमागाची खडखड कुठल्याही फिल्टरनं गेली नाही, मी सगळे लावून बघितले. शेवटी बोलणं वेगळंच रेकॉर्ड करायला लागले. आतल्या खोलीत पलंगावर बसायचं, डोक्यावरून वाकळ घ्यायची, आत फोन, आणि तयार चित्र आठवत बोलायचं. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात. पण आईच्या हातची ती सात थरांची वाकळ जे करते ते विकतच्या माइकनंही केलं नव्हतं. ती आवाजाची फाइल टाइमलाइनवर आणायला कंट्रोल-यू दाबून आवाजाचा ट्रॅक घ्या आणि व्हिडिओचा ट्रॅक मुका करा. कात्रीचा करकर आवाज मात्र मी कुठं कुठं ठेवते. तो ऐकल्याशिवाय कापल्यासारखं वाटत नाही.

बाजूला आवाजाचा काटा असतो, खालून वर चढणारा. बोलताना तो उणे १२ ते उणे ६ च्या आसपास नाचावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो. खाली गाणं घालायचं असेल तर इतकं हळू की आहे हे विचारल्यावरच कळावं. आणि ते सिनेमाचं नको, यूट्यूबवर टाकलं की हक्काचा दावा येतो. यूट्यूब स्टुडिओत ऑडिओ लायब्ररी आहे, तिथलं फुकट संगीत घ्या. मी तर घालतच नाही.

पडद्यावर आकडे लिहायला तुकडा निवडा, फिल्टर्समध्ये अधिकचं चिन्ह दाबा आणि 'टेक्स्ट सिंपल' घ्या. मराठी युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर करतो तसंच, टाइप करा. पत्रिका छापणाऱ्याकडून आणलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर इथं चिकटवला की "मुंढा"चं काहीतरी भलतंच होतं. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा मुक्ता हा फॉन्ट फुकट मिळतो आणि जोडाक्षरं नीट दिसतात. अक्षर मोठं ठेवा, पाठीमागं गडद पट्टी द्या. जरीच्या कापडावर पांढरी अक्षरं दिसत नाहीत, हे मी तीन व्हिडिओ पाठवून झाल्यावर शिकले.

एक चित्र जाऊन दुसरं येताना दाखवायचे नखरे शॉटकटमध्ये बरेच मिळतात. ब्लाउजच्या दोरीला एक गोंडा शोभतो. सात लावले तर लग्नातली बैलजोडी होते.

लॅपटॉप अडखळत असेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रिव्ह्यू स्केलिंग' ३६० वर आणा. काम करताना चित्र जरा जाडंभरडं दिसेल, पण शेवटचा व्हिडिओ पुऱ्या मापाचाच निघतो. तरीही अडखळलं तर तिथंच 'प्रॉक्सी' सुरू करा. मग ते प्रत्येक तुकड्याची हलकी नक्कल करून तिच्यावर काम करतं. कच्च्या मांजरपाटावर बेतून बघतो आणि मग खऱ्या कापडावर कापतो, तसं. माझ्या ४ जीबीचा संसार यावरच चाललाय.

झालं की 'एक्सपोर्ट'. आधीच निवडलेली डिफॉल्ट मांडणी एमपी४ फाइल देते, ती सगळ्या फोनवर चालते, तिथं काही बदलू नका. एक्सपोर्टचं बटण दाबा, नाव द्या, आणि 'जॉब्स'मध्ये टक्के चढताना दिसतील. माझा सहा मिनिटांचा व्हिडिओ निघायला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात दोन ब्लाउजांचे हूक होतात. तयार फाइल लॅपटॉपवर बघून समाधान मानू नका. फोनवर घ्या, आवाज मध्यम ठेवा आणि मिसळणाच्या डब्याला हात लावत, भाजी परतत बघा. मुली तशाच बघतात.

पहिला सराव ब्लाउजचा नको, हूक लावायचा घ्या. पाच तुकडे: सुईत दोरा ओवणं, खूण करणं, पहिला टाका, गाठ, आणि हूक काजात अडकवून दाखवणं. प्रत्येकी अर्धा मिनिट, दोन्हीकडं माया. हे अडीच मिनिटांचं कापड एका मिनिटात बसवायचं. सुई ओवण्याचा तुकडा सगळ्यांचाच लांबतो, माझा एक्केचाळीस सेकंदांचा होता. दोरा सुईत शिरतो ते शेवटचे चार तेवढे ठेवले.