शाळेत संगणक आले, तरी खोलीला कुलूप? या चुका टाळा

सरकारी निधीतून संगणक येतात तेव्हा खोक्यांसोबत फोटो निघतात. पुढे यूपीएसच्या बॅटऱ्या निकामी होतात, तेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही. अर्ज लिहिताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खरेदीचा दिवस असतो, पाचवं वर्ष नसतं. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

निधी कशासाठी आहे हे न वाचताच यादी करणं ही पहिली चूक. अमेरिकेतली 'ई-रेट' योजना घ्या. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून आलेली ही योजना शाळांना इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत देते. इमारतीपर्यंतची जोडणी एका गटात, आतलं वायरिंग, नेटवर्कचे स्विच आणि वायफाय दुसऱ्या गटात. मुलांच्या हातातले लॅपटॉप मात्र त्यात बसत नाहीत. ते गृहीत धरून बसलात, तर खर्च शाळेच्याच गळ्यात पडतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते: विक्रेता आधी ठरवायचा आणि निविदा मागाहून लिहायची. त्याच्याच दरपत्रकातला तपशील मॉडेल क्रमांकासकट उतरवला, की तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. ई-रेटमध्ये मागणी जाहीर केल्यावर किमान २८ दिवस थांबावं लागतं, निवडताना किमतीला सर्वाधिक गुण द्यावे लागतात आणि कागदपत्रं १० वर्षं जपावी लागतात. तुमच्या योजनेचे नियम वेगळे असतील, पण हारलेल्यांची दरपत्रकंही फाइलमध्ये ठेवा. मुख्याध्यापक बदलले की नेमकी तीच सापडत नाहीत.

"नेट स्लो आहे" ही तक्रार आली की लगेच मोठा प्लॅन घेऊ नका. एक संगणक थेट राउटरला केबलने जोडा आणि वेग मोजा. तिथेही कमी असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीला धरा. तिथे ठीक आणि वर्गात रडत असेल, तर दोष आतल्या वायफायचा. जास्त पैसे भरून तो जाणार नाही. दोन्हीकडे ठीक, पण पहिल्या तासालाच सगळं ठप्प होत असेल, तर तीस यंत्रं एकाच वेळी अपडेट उतरवत आहेत का ते पाहा. अपडेट शाळा सुटल्यावर लावून ठेवा. बिल न वाढवता निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत.

देखभालीचा खर्च अर्जात पहिल्या दिवसापासून धरा: दुरुस्ती, बॅटऱ्या, वीजबिल आणि शिक्षकांचं प्रशिक्षणही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे नियमित सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चालू स्थितीतली कितीतरी यंत्रं विंडोज ११ साठी अपात्र ठरली. अशा बदलाची तरतूद फार थोड्या अर्जांत दिसते.

डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, प्रत्येक यंत्राचा सिरीयल नंबर लिहा. आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड कंत्राटदाराकडून लेखी घ्या, तेही शेवटचं बिल मंजूर करण्याआधी.