सोयाबीन काढताना दम लागतो? आधी धुळीची साईज समजून घ्या

दसऱ्याच्या आसपास वावरात थ्रेशर लागला की आमच्याकडे घरोघरी शिंका सुरू, आणि उपाय दरवर्षीचा एकच, तोंडाला दुपट्टा बांध. मी पण बांधायचो अन रात्री छाती घरघरायचीच. दुपट्टा अडवतो ती डोळ्याला दिसणारी धूळ, खरी खोडी न दिसणाऱ्या धुळीची असते.

पहिले हे करून बघा. कुटाराच्या (भुशाच्या) खोलीत उन्हाची तिरीप येते तिथं मूठभर कुटार झटका. जाड कचरा लगेच खाली येतो, १० मायक्रॉनचा कण दहाएक मिनिटांत बसतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास), पण १ मायक्रॉनचा कण तासन्तास तरंगतच राहतो. १० च्या वरचे बहुतेक नाकाघशात अडकतात म्हणून शिंका येतात, २.५ च्या खालचे पार फुफ्फुसाच्या फुग्यांपर्यंत पोचतात. म्हणून झाडझूड केल्याकेल्या त्या खोलीत झोपू नका, लेकरांना तर अजिबात नको.

आता दुसरी गोष्ट, पृष्ठभाग. १० मायक्रॉनचा एक कण फोडून १ मायक्रॉनचे केले तर १००० होतात, वजन तेवढंच पण पृष्ठभाग १० पट, आणि त्यावर सोयाबीनच्या टरफलातलं प्रोटीन चिकटून आत जातं. हे प्रोटीन साधं नाही हो! स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या बंदरात सोयाबीन उतरवताना उडालेल्या धुळीनं १९८१ ते १९८७ मध्ये शहरात दम्याच्या साथी आल्या, सायलोला, म्हणजे धान्याच्या उंच कोठाराला, फिल्टर बसवले तेव्हा थांबल्या.

त्यात ट्रॅक्टरचा धूर. डिझेलची काजळी बहुतेक ०.१ मायक्रॉनच्या आसपासची किंवा त्याहून बारीक, आणि ती नुसती प्रोटीन वाहून नेत नाही तर शरीराला चिथावते पण. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात अ‍ॅलर्जीवाल्या लोकांच्या नाकात रॅगवीडचं प्रोटीन अन डिझेलची काजळी सोबत टाकून पाहिली, तर नुसत्या प्रोटीनपेक्षा आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीची अँटीबॉडी, कितीतरी जास्त बनली. रॅगवीड म्हणजे आपल्या धुऱ्यावरच्या गाजर गवताचं नातलगच.

म्हणून थ्रेशर लावायच्या आधी चिमूटभर माती उडवून वारा बघा. कुटार अन सायलेन्सरचा धूर दोन्ही माणसांपासून आणि घरापासून दूर जातील असा थ्रेशर उभा करा, शेंगा टाकणारा माणूस वाऱ्याच्या वरच्या अंगाला. एवढं केलं तरी लय फरक पडतो, पैसे काहीच नाही लागत.

मास्क घ्यायचा तर एन ९५, तो ०.३ मायक्रॉनचे ९५ टक्के कण अडवतो, पण गालाला फट राहिली की सगळं वाया, दाढी असली तरी तेच. कुटारावर पाणी मारायची आयडिया कोणी देईल, नका ऐकू, बुरशी धरते अन बुरशीचे बीजाणू म्हणजे नवीन अ‍ॅलर्जी. घरी आल्यावर कपडे आंगणातच काढा, डोक्यावरून आंघोळ करा, मग जेवण.

बोलताना मधेच श्वास घ्यावा लागत असेल किंवा शिटीसारखा आवाज येत असेल तर काढा पीत बसू नका, दवाखाना गाठा. डॉक्टरनं पंप दिला तर घ्या, सवय लागते म्हणणाऱ्यांना पारावरच बसू द्या.