खाडीच्या चिंबोऱ्या: निवड, सफाई आणि रस्सा

चौघांसाठी साधारण एक किलो, म्हणजे मध्यम आकाराच्या चार चिंबोऱ्या (खाडीतले खेकडे) पुरतात. जिवंतच घ्या. चिंबोरी मेली की तिच्या पोटातले पाचक रस तिचंच मांस विरघळवू लागतात. असं मांस शिजल्यावर पिठूळ लागतं आणि बाधूही शकतं.

आकाराला भुलू नका, हातात घेऊन वजन बघा. नुकतीच कात टाकलेली चिंबोरी मोठी दिसते, पण आत निम्मं पाणी. पोटाकडून पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबा. दबली तर पोकळ आहे, परत ठेवा. पोटावरची झडप निमुळती असेल तर नर, नांग्यांत मांस भरपूर. रुंद आणि गोलसर असेल तर मादी. लाख, म्हणजे पोटातली नारिंगी गाभोळी, आवडत असेल तर तीच घ्या. झडपेबाहेर अंडी लगडलेली मादी मात्र कधीच घेऊ नका, खाडीतल्या पुढच्या चिंबोऱ्या त्याच अंड्यांतून यायच्या असतात.

घरी आणल्यावर नांग्यांची दोरी सोडू नका. अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवून पूर्ण सुन्न होऊ द्या. जिवंत उकळत्या पाण्यात टाकली तर ती पाय गाळते, त्या जागेतून पाणी शिरतं आणि मांस पांचट होतं. सुन्न झाली की उताणी करा, झडप उचला आणि खालच्या खळग्यात सुरीचं टोक खोल दाबा.

चिखल ब्रशने घासून काढा. नांग्या, पाय पिळून तोडा, मागच्या बाजूने पाठ उचकटा. पिसांसारखे करडे कल्ले आणि डोळ्यांमागची पिशवी फेकून द्या. नारिंगी लाख आणि पिवळसर मगज वाटीत काढा. धड मधोमध कापून झटकन धुवा.

बारीक पाय टाकू नका, रश्श्याची खरी चव त्यांत असते. दीड वाटी पाण्याबरोबर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, आधी गाळणीतून आणि मग फडक्यातून गाळा. फडकं चुकवलंत तर कवचाच्या कपच्या दाताखाली येतात.

नांग्यांना वरवंट्याचा एकच ठोका द्या; फक्त तडा हवा, चुरा नको. तेलात ठेचलेला लसूण, हळद, लाल मसाला परतून आधी नांग्या घाला, पाच मिनिटांनी धड, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि गरम पाणी. झाकून दहा-बारा मिनिटं शिजवा. मग आच मंद करून लाख, मगज आणि पायांचा रस सतत ढवळत ओता. भरभर उकळत्या रश्श्यात तो फुटतो. शेवटी चार आमसुलं घालून एक हलकी उकळी काढा.

कवच लाल झालं म्हणून गॅस बंद करू नका, तो रंग लवकर येतो. सर्वांत मोठ्या नांगीचा सांधा उघडून बघा: मांस पांढरंशुभ्र हवं, काचेसारखं पारदर्शक दिसलं तर अजून तीन-चार मिनिटं ठेवा.