कोल्हापुरात संशोधनाला येताय? आधी खोली बघा, मग विषय

परभणीहून मी पीएच.डी.साठी कोल्हापुरात आले आणि इथलीच झाले. प्रवेशाची यादी लागली की मराठवाड्यातून, विदर्भातून फोन सुरू होतात. कुणाचं अर्थशास्त्र, कुणाचं कॉम्प्युटर व्हिजन (यंत्राला फोटो बघून ओळखायला शिकवणं), कुणी क्वांटम फिजिक्सवाला, एखादी माध्यम धोरणावर काम करणारी. विचारतात मात्र सगळे एकच: "ताई, तिथं राहायचं कसं?" म्हटलं, एकदाच लिहून टाकावं.

शिवाजी विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं तर डोळे झाकून घ्या. नाही मिळालं तर राजेंद्रनगर, सागरमाळ, राजारामपुरी या बाजूला खोली बघा. राजारामपुरीत पत्ता गल्लीच्या नंबरावर चालतो, तेव्हा नंबर पाठ ठेवा. घरमालक आडनाव, गाव, विषय सगळं विचारतील. विषय सांगताना "कॉम्प्युटर" किंवा "अर्थशास्त्र" एवढंच सांगा, पुढचं ते चहा प्यायला बोलावतील तेव्हा. बाहेरच्या पोरांना ठेवून घ्यायची या गावाला जुनी सवय आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही.

खोली बघताना एक प्रश्न न लाजता विचारायचा: "२०१९ ला इथं पाणी आलं होतं का?" पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे इथं क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारले जातात. विद्यापीठ उंचावर आहे, तिथं पाणी येत नाही. पण महापुरात महामार्ग बंद पडतो, उपसा केंद्रं बुडाली की नळही कोरडे पडतात. त्या दिवसांत बाहेरगावचं फील्डवर्क किंवा मुंबईची मुलाखत ठरवू नका, आणि हार्ड डिस्क तळमजल्यावर ठेवू नका.

बोलण्याची भीती बाळगू नका. "काय करालाईस?" (काय करतोयस?) हे दरडावणं नव्हे, प्रेम आहे. इथल्या मुली "मी आलो, मी गेलो" म्हणतात. मीही आता म्हणते, परभणीला आई हसते.

आता संशोधनाचं. पुण्या-मुंबईत तुमच्या उपविषयातली दहा माणसं एका इमारतीत सापडतील. इथं तसं नाही. मटेरियल फिजिक्सवाले, थिन फिल्मवाले (पदार्थांचे पातळ थर अभ्यासणारे) भरपूर, पण क्वांटम माहितीशास्त्रात डोकं घालणारा तुम्ही कदाचित एकटेच असाल. म्हणून तुमचा पहिला वाचक दुसऱ्याच विषयाचा असणार, हे पहिल्या महिन्यातच मान्य करा. माझ्या मते कोल्हापूरचा खरा फायदा हाच आहे. खर्डेकर ग्रंथालयातून बाहेर पडून चहाच्या टपरीवर उभं राहिलं की कुठल्याही विभागाचं कुणीही भेटतं.

उदाहरण सांगते. कॉम्प्युटर व्हिजनचा एक मुलगा शाहू मार्केट यार्डात गुळाचे फोटो काढत होता. गुळाचे सौदे निघतात, खरेदीदार रव्याचा (गुळाच्या ढेपेचा) रंग बघतो, कणी बघतो, भाव बोलतो. याची कल्पना अशी की फोटो आणि मिळालेला भाव यांच्या जोडीवर मॉडेल शिकवायचं, म्हणजे यंत्रच प्रत सांगेल. ऐकायला झकास. मी त्याला विचारलं, गुळाचा रंग पिवळाधमक कशानं होतो? काही गुऱ्हाळांत रंग उजळायला हायड्रोस पावडर टाकतात, आणि उजळ गुळाला भाव चांगला मिळतो. रानभेंडीच्या रसानं मळी काढलेला, पावडर न टाकलेला गूळ काळसर दिसतो. मग तुझं मॉडेल गुळाची प्रत शिकतंय की पावडर? तो गप्प झाला. पण त्याचाही माझ्यावर हिशेब निघाला. शेडमधल्या पत्र्यातून येणारा सकाळचा उजेड आणि दुपारचा उजेड यात एकाच रव्याचा रंग किती बदलतो, ते त्यानं स्क्रीनवर दाखवलं. प्रत ठरवण्यात सौद्याची वेळही शिरते, हे मी ठेवत होते त्या गुळाच्या भावांच्या तक्त्यात कुठंच नव्हतं. पुढं तो प्रत्येक फोटोत रव्याशेजारी रंगांची पट्टी ठेवायला लागला आणि मी वेळेचा रकाना घातला.

व्हिजनवाल्यांनी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्याही बघून ठेवा. कास्टिंगमधली (ओतीव भागातली) ब्लो होल, म्हणजे हवेची छिद्रं, अजून बऱ्याच ठिकाणी माणूसच डोळ्यांनी शोधतो. मालकाला "डीप लर्निंग" सांगू नका, "रिजेक्शन कमी होईल का बघतो" सांगा. फाटक उघडेल.

अर्थशास्त्राच्या पोरांना तर इथं ताटात वाढून ठेवलंय. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) द्यायची असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. कागदावरचं हे कलम आणि शेतकऱ्याच्या पासबुकातल्या तारखा यांतलं अंतर मोजा, एक प्रकरण तिथंच तयार. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला एकदा तरी जाऊन बसा. उतारा, तोडणी-वाहतूक, पहिली उचल हे शब्द तिथं ऐकल्याशिवाय कळत नाहीत.

क्वांटमवाल्यांना खरं सांगायचं तर प्रयोगाची यंत्रं इथं शोधत बसू नका. अतिवाहक क्युबिट (क्वांटम संगणकाचा मूळ घटक) चालवायला निरपेक्ष शून्याच्या वर काही मिलिकेल्विन इतकी थंडी लागते, तो शीतक गल्लीबोळात नसतो. आयबीएमचं खरं क्वांटम यंत्र मात्र ब्राउझरमधून महिन्याला दहा मिनिटं फुकट वापरता येतं. तेवढ्यात काय चालवायचं ते आधी सिम्युलेटरवर घासून घ्या. राष्ट्रीय क्वांटम मिशन २०२३ मध्ये मंजूर झालं, सुमारे ६,००० कोटींचं. त्याची चार केंद्रं बंगळुरू, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीत आहेत. मुंबईचं केंद्र आयआयटीत, संवेदन आणि मापनशास्त्राचं. आपल्या हाताशी तेच.

माध्यम धोरणवाल्यांना वाटतं, आपलं सगळं दिल्लीत. तसं नाही. बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री' या मूकपटातला कीचकवध फार खराखुरा वाटला म्हणून सेन्सॉरनं कापला, ती गोष्ट १९२० ची आणि कोल्हापूरची. सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवू शकणाऱ्या सरकारी फॅक्ट चेक युनिटचा नियम मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्याच न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसतंय. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द हे ध्यानात ठेवा, नाहीतर अर्ज परत येतो.

चार विषयांची पोरं एका खोलीत राहिली की एक रोग हटकून लागतो: एकमेकांचे पेपर मोजण्याचा. व्हिजनवाला नोव्हेंबरची सीव्हीपीआरची (व्हिजनच्या मोठ्या परिषदेची) तारीख गाठायला आठ पानं लिहून मोकळा होतो. क्वांटमवाला आधी अर्काइव्हवर (arXiv, परीक्षणाआधी पेपर खुला ठेवायची वेबसाइट) टाकतो, मग जर्नलकडे बघतो. अर्थशास्त्रातला एक पेपर परीक्षकांकडे दोन-तीन वर्षं फिरू शकतो. धोरणवालीचा मसुदा तयार होईपर्यंत सरकार नियमच बदलतं. तेव्हा शेजाऱ्याच्या यादीकडे बघून रात्र जागवू नका. एकत्र पेपर लिहिणार असाल तर नावांचा क्रम पहिल्या दिवशी ठरवा. अर्थशास्त्रात बहुधा आडनावाच्या आद्याक्षरानं नावं लागतात, व्हिजनमध्ये पहिलं नाव म्हणजे ज्यानं काम केलं तो. यावरून चांगल्या मैत्र्या मोडलेल्या पाहिल्यात.

पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणाऱ्या जर्नलांचे मेल येतील. सरळ उडवा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही. विभागाचा स्वतःचा नियम तेवढा विचारून घ्या. वाचायच्या जर्नलांसाठीही खिशात हात घालू नका. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नलं खुली आहेत. ग्रंथालयात जाऊन लॉगिन मागा.

फेलोशिप कुठलीही असो, हप्ता उशिरा येईल असं धरूनच चाला. खानावळीच्या मावशींना हे पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा, त्यांना सवय आहे. मुंबईला जायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं, रात्री बसलं की सकाळी पोचतं. दिवाळीचं तिकीट मात्र बुकिंग उघडेल त्या दिवशीच काढा.