माजी सैनिक संघटनेत स्वयंसेवक मिळत नाहीत? या चुका टाळा

हयातीच्या दाखल्याच्या, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यायच्या जिवंत असल्याच्या पुराव्याच्या शिबिरासाठी मी एकदा ग्रुपवर मेसेज टाकला होता: 'सर्व सन्माननीय सदस्यांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहून सहकार्य करावे.' ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं. अर्ध्या तासात सव्वीस 'जय हिंद', अकरा अंगठे आणि दोन तिरंगे आले. रविवारी सकाळी शिबिराच्या जागी हजर कोण? मी, खजिनदार आणि खुर्च्या घेऊन आलेला मांडववाल्याचा पोरगा.

त्या दिवशी मीही 'लोकांना आता काही पडलेली नाही' म्हणून चिडलो. पण हीच माणसं नोकरीत असताना रात्री दोनच्या ड्यूटीला पावणेदोनला बूट घालून तयार असायची. ती संघटनेच्या कामाला येत नाहीत, म्हणजे बोलावणाऱ्यांचंच काहीतरी चुकतंय. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या संघटनेचा सचिव म्हणून नऊ वर्षं काढली, त्यात केलेल्या चुका इथे मांडतोय. बहुतेक माझ्याच आहेत.

'मोठ्या संख्येने' बोलावणं

सगळ्यांना बोलावलं की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे आहेतच. शिवाय 'सहकार्य' म्हणजे नक्की काय करायचं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. आता ग्रुपवर फक्त तारीख आणि जागा टाकतो. माणसं फोनवर मागतो, एकेकाला. 'साहेब, येत्या रविवारी नऊ ते अकरा टोकन वाटायला बसाल का? अकराला दुसरा माणूस येतोय.' समोरचा हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. नाही म्हणाला तरी चालतं, निदान आपण त्याच्या भरवशावर राहत नाही. आठ फोन केले की साधारण पाच माणसं मिळतात. ग्रुपवरच्या दोनशे जणांपेक्षा ही पाच माणसं जास्त कामाची.

रिलीव्हर न देता ड्यूटी लावणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. फौजेत गार्ड ड्यूटीवर संतरी उभा करताना दोन तासांनी त्याच्या जागी कोण येणार, ते आधीच यादीत लिहिलेलं असतं. म्हणून तो निश्चिंत उभा राहतो. आमच्या संघटनांत मात्र एखाद्याने एकदा हिशेबाची वही हातात घेतली की ती त्याच्या गळ्यात पडते. पुढची सहा वर्षं तोच खजिनदार. एखाद्याने एकदा गाडी काढून म्हाताऱ्या सुभेदारांना ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकला नेलं की पुढे प्रत्येक फोन त्यालाच. बाकीचे हे बघत असतात आणि मनातल्या मनात ठरवतात की आपण हात वर करायचा नाही.

माणसं कामाला भीत नाहीत. त्यातून सुटकाच नाही, या विचाराला भितात.

म्हणून आम्ही 'संघटनेचं काम' हा शब्दच बंद केला आणि कामाचे तुकडे पाडले. एक उदाहरण देतो. वयाची 80 वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते. 85 ला ती 30 टक्के होते, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला 100 टक्के. फॅमिली पेन्शन घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. पण अनेक विधवांची जन्मतारीख पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) नोंदलेलीच नसते, नाहीतर चुकीची असते. मग वय झालं तरी वाढ सुरू होत नाही, आणि बाईंना ते कळतही नाही. तेव्हा काम असं दिलं: 'एका तालुक्याची यादी घ्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला फोन करा, पीपीओवरची तारीख आणि आधारवरची तारीख दोन रकान्यांत लिहून आणा. पंधरा दिवसांनी वही परत.' बस्स, संपलं. दुरुस्तीचा अर्ज, 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवरची भानगड, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार ही पुढची कामं दुसऱ्याची.

अकरा तालुक्यांपैकी सात तालुक्यांना माणसं मिळाली. त्यातल्या चौघांनी पूर्वी संघटनेचं कसलंच काम केलेलं नव्हतं.

पॉलिक्लिनिकची ड्यूटीही अशीच, महिन्याला एक माणूस. त्या महिन्यात फोन त्यालाच जाणार, पुढच्या महिन्यात दुसऱ्याला. त्याला दोनच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. एक, ईसीएचएसच्या यादीवरच्या दवाखान्यात जायचं तर सहसा पॉलिक्लिनिकचं रेफरल, म्हणजे शिफारसपत्र, लागतं. दुसरी, रात्री-अपरात्री यादीबाहेरच्या दवाखान्यात भरती करावं लागलं तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. बिलं अडकतात ती बऱ्याचदा याच दुसऱ्या गोष्टीपायी. घरची माणसं घाबरलेली असतात, त्यांना हे आठवत नाही. आठवण ठेवणं हेच त्या महिन्याच्या माणसाचं काम.

सोलापूरचं कॅलेंडर न बघता तारखा लावणं

14 जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली याच दिवशी निवृत्त झाले. आम्ही दोन वर्षं मोठ्या उत्साहाने त्याच दिवशी मेळावा घेतला. सोलापुरात. संक्रांतीला. इकडे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरलेली, नंदीध्वज निघालेले, अर्धं गाव पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर, आणि आम्ही हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या मोजतोय. आता मेळावा यात्रा उलगडल्यानंतरच्या रविवारी घेतो.

पंढरपूर आणि माळशिरसच्या माणसांना आषाढीच्या आठ-दहा दिवसांत काही मागायचंच नाही. अधिक महिना आधी येऊन गेला असेल तर एकादशी जुलैअखेरीला सरकते आणि 26 जुलैचा कारगिल विजय दिवस नेमका वारीत सापडतो. त्या वर्षी तिकडच्यांना सोडून नियोजन करावं. फेब्रुवारीत मंगळवेढ्याकडे ज्वारीची काढणी असते. साखर कारखाने सुरू झाले की 'उसाला तोड आलीय' म्हणणाऱ्या माणसाला आग्रह करण्यात अर्थ नाही. त्याचं वर्षाचं पीक ट्रॉलीत चढत असतं.

आणि शहरातलं तर विचारूच नका. बैठकीच्या सकाळी तीन फोन ठरलेले: 'ओ साहेब, आज पाणी आहे की!' चार-पाच दिवसांनी नळाला येणारं पाणी सोडून कोण तुमच्या बैठकीला येणार? मी आधी रागवायचो. आता बैठक ठरवण्याआधी जुळे सोलापूरला कधी पाणी आणि पूर्व भागात कधी, हे विचारून घेतो.

आणखी एक. आपले बरेच जवान सतरा-अठरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतात. ते काही 'निवृत्त' नसतात. कुणी बँकेच्या दारावर उभा आहे, कुणी चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टला जातो, पोरं अजून शाळेत. मंगळवारी सकाळी अकराला बैठक ठेवायची आणि 'तरुण येत नाहीत' म्हणून त्याच बैठकीत उसासे टाकायचे, हा आमचा कित्येक वर्षांचा कार्यक्रम होता.

ट्रेड न विचारता काम देणं

मी फौजेत क्लार्क होतो, त्यामुळे कागद माझ्याकडे येतात, ते बरोबरच आहे. पण सदस्य नोंदणीच्या आमच्या फॉर्मवर नाव, हुद्दा, रेजिमेंट, पत्ता एवढंच होतं. माणूस फौजेत नेमकं काय करायचा, हा रकानाच नव्हता. परिणामी नर्सिंग असिस्टंट सतरंज्या घालायचे आणि इन्फंट्रीचा ड्रायव्हर इतिवृत्त लिहायचा.

ज्या शिबिराबद्दल सुरुवातीला सांगितलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. अक्कलकोट तालुक्यातले एक नायक आले होते, वय ऐंशीच्या आसपास. मशीनवर अंगठा लागेना. शेतात राबून बोटांवरच्या रेघाच गुळगुळीत झालेल्या. पाच वेळा अंगठा पुसून झाला, लिंबाने घासून झाला. नायक मामा म्हणाले, 'म्हंजे मी मेलो का काय आता?' सगळे हसले, पण त्यांचा चेहरा पडलेला होता. दाखला नाही तर पेन्शन बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात एक जण उठला. फौजेच्या सिग्नल (संदेशवहन) विभागातला हवालदार, तीन वर्षांपूर्वी पेन्शन आलेला, बायकोला सोडायला आला होता म्हणून थांबलेला. त्याने मामांना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, उजेड तोंडावर येईल असं. टोपी काढायला लावली. स्वतःच्या मोबाईलवर चेहऱ्यावरून ओळख पटवायचं ॲप उघडलं आणि म्हणाला, 'मामा, इकडं बघा अन् पापणी हलवा. सॅल्यूट करू नका.' दुसऱ्या प्रयत्नात दाखला झाला.

त्याला मी विचारलं, 'इतके दिवस कुठे होतास?' तो म्हणाला, 'कुणी विचारलंच नाही. खुर्च्या उचलायला बोलवलं होतं एकदा.'

आता फॉर्मवर तो रकाना आहे. शेजारी आणखी एक: कोणत्या भाषा येतात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड बोलणारी घरं आहेत, पूर्व भागात तेलुगू. तिथे फोनवर मराठीत 'आपली कागदपत्रे सादर करावीत' म्हणणारा आणि दारात उभं राहून 'बर्री' (कन्नडमध्ये 'या') ऐकल्यावर त्याच भाषेत विचारपूस करणारा, यांत फरक पडतोच. कुठल्या ट्रंकेत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटल्याची नोंदवही) आहे, हे म्हातारी कुणाला सांगेल?

हुद्दा सोबत आणणं

यावर फार लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांना माहीत आहे. मानाने 'साहेब' म्हणावं, मीही म्हणतो. पण बैठकीत बोलायची पाळी हुद्द्याप्रमाणे लागली की मागच्या रांगेतला शिपाई-नायक गप्प बसतो आणि पुढच्या वेळी येत नाही. फौजेत बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, असतो, तिथे अधिकारी जवानांना वाढतात. आमच्या एका वयस्कर कॅप्टन साहेबांनी वार्षिक सभेनंतर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट स्वतः फिरवलं. दुसऱ्या दिवशी दोन फोन आले, 'काही काम असेल तर सांगा'. असे फोन मला तरी त्याआधी आठवत नाहीत.

वीरनारींना फक्त स्टेजवर बसवणं

शहीद जवानांच्या पत्नींना शाल, श्रीफळ, फोटो, आणि पुढच्या 26 जुलैपर्यंत रामराम. हे आपण वर्षानुवर्षं करत आलो. नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शन लागू होण्यासाठी काय काय लागतं, नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं असलं की किती फेऱ्या होतात, बँकेत कोणत्या खिडकीवर कोण नीट बोलतं, हे ज्या बाईने सगळं भोगून शिकलेलं असतं, तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला येत नाही. आमच्याकडे एक ताई आहेत. नव्याने विधवा झालेल्या बाईकडे दहाव्यानंतर पहिल्यांदा त्याच जातात, आम्ही पुरुष नाही. कागदांचं बोलणं त्या दुसऱ्या भेटीत काढतात. पहिल्या भेटीत नुसत्या बसतात. हा त्यांचा नियम. आम्ही त्यात ढवळाढवळ करत नाही.

सदस्यांच्या बायकांनाही विचारा. पोस्टिंगच्या काळात एकटीने घर, पोरं आणि बँक सांभाळलेली ही माणसं आहेत. 'वहिनी, चहाचं बघा' एवढंच त्यांना सांगत राहिलात तर त्या येणं बंद करतील, आणि बरोबरच करतील.

खिशातून खर्च करायला लावणं

करमाळ्याहून सोलापूरला गाडी काढून आणायची आणि पेट्रोल ज्याचं त्याने टाकायचं, हे एकदा होतं. दुसऱ्यांदा माणूस कारण सांगतो, तिसऱ्यांदा फोन उचलत नाही. आम्ही वर्गणीतून प्रवासासाठी वेगळी रक्कम बाजूला काढली. तिकीट किंवा पेट्रोलची पावती दिली की पैसे त्याच आठवड्यात. बरेच जण घेत नाहीत. पण मागायला लाज वाटू नये, एवढी सोय हवीच. त्या वहीची पानं सभेत सगळ्यांपुढे ठेवायची, नाहीतर कुजबुज सुरू होते. पैशावरून कुजबुज सुरू झाली की चांगली माणसं सगळ्यात आधी निघून जातात.

आणि 'हो' म्हणून आलाच नाही तर?

ग्रुपवर त्याचं नाव घेऊन टोमणा मारायचा नाही. मी एकदा मारला होता. तो माणूस सोलापुरातच, वडिलांना घेऊन आयसीयूच्या बाहेर बसलेला होता. आता संध्याकाळी फोन करतो, 'घरी सगळं ठीक ना?' एवढंच विचारतो. कारण तो आपणहून सांगतो. दोनदा असं झालं तर त्याला घरबसल्या करायचं फोनचं काम देतो. तिसऱ्यांदा झालं तर वर्षभर काही मागत नाही, पण दिवाळीचा फोन चुकवत नाही.

शेवटची चूक माझी स्वतःची. कार्यालयाच्या कपाटाची किल्ली नऊ वर्षं माझ्याच खिशात होती. दुसऱ्यांना रिलीव्हर द्या म्हणून सांगत फिरलो आणि स्वतःची ड्यूटी सोडली नाही. मार्चच्या सभेत त्या सिग्नलवाल्या हवालदाराने सगळ्यांसमोर विचारलं, 'साहेब, तुमचा रिलीव्हर कोण?' हशा झाला. किल्ली त्याच दिवशी त्याला दिली. गेल्या रविवारी तो दहा मिनिटं उशिरा आला, आणि मी बाहेर पायरीवर बसून राहिलो.