मंगळावर गुहा शोधताय? मग या चुका टाळा

मंगळाच्या फोटोत काळा गोल ठिपका दिसला की लगेच स्क्रीनशॉट, त्यावर लाल बाण आणि खाली ‘गुहा सापडली!!’. हे बघून बघून वैताग आलाय, म्हणून जे दरवेळी प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं ते एकदाच लिहून टाकतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे काळं दिसलं की ते भोक समजायचं. अहो, काळी वाळू असते, सावली असते, कधी डेटाच गायब असतो, आणि सगळ्यात जास्त फसवतात ते उल्का पडून झालेले ताजे डाग. आपल्या ओळखीच्या एका उत्साही मुलाने थार्सिस या मंगळावरच्या मोठ्या ज्वालामुखींच्या भागातला असाच एक डाग काढला होता. मंगळाभोवती फिरणाऱ्या एमआरओ यानावरच्या सीटीएक्स कॅमेऱ्याचा फोटो, म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण 6 मीटर. गडी हुशार, जुना फोटोही शोधून काढला, त्यात डाग नव्हता. इथपर्यंत उत्तम. पण निष्कर्ष काय काढला, तर दोन फोटोंच्या मधल्या काळात लाव्हा ट्यूबचं, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या पोकळ बोगद्याचं, छत कोसळलं! त्याला म्हटलं बाबा, डागाची कड बघ, मध्ये गडद आणि बाहेर विरत गेलेली आहे, खड्ड्याची कड अशी पुसट नसते, तिथे उजेड आणि अंधार यांच्यात सुरीने कापल्यासारखी रेघ असते. पटेना. मग काही वर्षांनंतरचा तिसरा फोटो काढून दाखवला, त्यात डाग फिका पडलेला. थार्सिसमध्ये धुळीचा थर असतो, छोटी उल्का आदळली की धूळ उडते आणि खालचा गडद भाग उघडा पडतो, मग हळूहळू परत धूळ बसत जाते. खरं विवर त्या फोटोत धड दिसतही नाही इतकं लहान असतं. सावली अशी वर्षागणिक फिकी होत नाही. आणि गंमत अशी की हे डाग धुळीच्या भागातच उठून दिसतात, आणि गुहा शोधणारेही थार्सिसच्या ज्वालामुखींवरच गर्दी करतात, त्यामुळे ही गल्लत होतच राहणार. म्हणून मी त्याच जागेचे वेगवेगळ्या वर्षांचे निदान तीन फोटो बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही.

बरं, खरोखर खड्डा असला तरी तो गुहाच असेल असं नाही. 2007 मध्ये आर्सिया मॉन्स या थार्सिसमधल्या ज्वालामुखीवर सात काळे खड्डे जाहीर झाले, त्यातल्या एकाचं नाव जीन. एमआरओवरच्याच हायराईज या जास्त बारकावे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने मे महिन्यात फोटो घेतला तर आत नुसता काळोख. ऑगस्टमध्ये वेगळ्या कोनातून परत घेतला तेव्हा पूर्वेची भिंत उन्हात दिसली: रुंदी 150 मीटर, खोली कमीत कमी 178 मीटर, सरळ उभा खड्डा, हवाई बेटांवर असतात तसला. आत बोगदा निघतो का, हे त्यावरून कळत नाही. शास्त्रज्ञ दुसऱ्या फोटोसाठी थांबतात आणि आपल्याला मात्र पाच मिनिटांत शोध लावायचा असतो.

प्रिव्ह्यूच्या जेपेगवर तर अजिबात विसंबू नका. त्यात कॉन्ट्रास्ट आजूबाजूच्या उजळ जमिनीसाठी लावलेला असतो, त्यामुळे सावलीतलं सगळं सपाट काळं होतं. मी हायराईजची पूर्ण फोटोची मोठी जेपी2 फाईलच उतरवून घेतो, हायव्ह्यू या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो आणि फक्त सावलीच्या भागाचा कॉन्ट्रास्ट ताणून बघतो. मंगळाच्या आकाशातल्या धुळीमुळे सावलीतही थोडा उजेड पोचतो, बऱ्याचदा तळाचे दगड दिसायला लागतात आणि तुमची ‘अथांग गुहा’ तिथेच संपते. फाईल मोठी आहे, नेट स्लो आहे, ही कारणं नकोत. रात्रभर डाउनलोडला लावून झोपा.

खोली काढताना होणारा घोळ वेगळाच. फोटोच्या माहितीत इन्सिडन्स अँगल म्हणजे सूर्याचा कोन दिलेला असतो, तो बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून खाली मोजतात, क्षितिजापासून नाही. समजा तो 60 अंश आहे, म्हणजे सूर्य क्षितिजापासून 30 अंश वर. सावली 100 मीटर असेल तर खोली साधारण 58 मीटर. उलटा अँगल घातलात की 173 मीटर, तिप्पट! सावलीने आख्खा तळ व्यापला असेल तर येतो तो आकडा फक्त ‘कमीत कमी’.

टेकडी की खड्डा हा गोंधळ सोपा आहे. एमआरओ यान दुपारी तीनच्या सुमारास फोटो घेतं, म्हणजे ऊन पश्चिमेकडून. उत्तर वर असलेल्या मॅप-प्रोजेक्टेड, म्हणजे नकाशासारख्या बसवलेल्या, फोटोत खड्ड्याची सावली डाव्या भिंतीला चिकटलेली असते, टेकडीची उजवीकडे पडते. मॅप-प्रोजेक्टेड नसलेल्या फोटोला हा नियम डोळे झाकून लावू नका.

काठ उचललेला आणि भोवती माल उधळलेला दिसला तर ते उल्केचं विवर, पुढे चला.

रेखांश पूर्व की पश्चिम ते लिहा. आर्सिया मॉन्स 240 अंश पूर्वेला म्हणजेच 120 अंश पश्चिमेला, आणि नुसतं ‘120’ टाकणारे लोक ग्रहाच्या भलत्याच बाजूला पाठवतात.

आणि जाहीर करण्याआधी यूएसजीएसचा, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा, मंगळावरच्या संभाव्य गुहांचा कॅटलॉग उघडा, त्यात हजारावर नोंदी आहेत. तुमचा खड्डा तिथे आधीच असेल तर पोस्ट टाकायची गरज नाही. नसेल तर को-ऑर्डिनेट्स, फोटोचा आयडी आणि सूर्याचा अँगल यासकट टाका, लाल बाण नसला तरी चालेल.