बाल्टिक समुद्राभोवतीच्या खासदारांचे ठराव कसे वाचायचे आणि त्यांचा माग कसा काढायचा

बाल्टिकवर प्रोजेक्ट किंवा बातमी करणारे बरेच जण बाल्टिक सी पार्लमेंटरी कॉन्फरन्सचा, म्हणजे उत्तर युरोपातल्या या समुद्राभोवतीच्या खासदारांच्या वार्षिक परिषदेचा, ठराव उघडतात, वरवर चाळतात आणि नुसतीच भाषणबाजी आहे म्हणून बंद करतात. प्लीज असं करू नका. हा ठराव कायदा नाही, कुणावर बंधनकारकही नाही, हे खरंच आहे, पण एक मुद्दा पकडून तीन-चार वर्षांचे ठराव आणि त्यावर सरकारांनी दिलेली उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की कोण काम करतंय आणि कोण नुसता वेळ काढतंय ते लगेच कळतं.

आधी कोण कोणाचं हे पक्कं करा, गोंधळ इथेच होतो. ही कॉन्फरन्स १९९१ मध्ये हेलसिंकीला सुरू झाली आणि ती खासदारांची आहे. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, पोलंड, जर्मनी, तिन्ही बाल्टिक देश (एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया), शिवाय नॉर्वे आणि आइसलँड यांच्या संसदा त्यात आहेत, आणि हॅम्बुर्ग (जर्मनीतलं राज्य), ओलांड (फिनलंडची स्वायत्त बेटं) अशी प्रादेशिक विधिमंडळंही आहेत. काउन्सिल ऑफ द बाल्टिक सी स्टेट्स वेगळी, ती १९९२ ची आणि सरकारांची. हेलकॉम अजून वेगळं, ते समुद्राचं पर्यावरण बघणारं कमिशन, १९७४ च्या हेलसिंकी करारातून आलेलं. खासदार मागणी करतात, सरकारं उत्तर देतात आणि पाण्यात प्रत्यक्ष काय फरक पडला ते हेलकॉमच्या रिपोर्टमध्ये बघायचं.

आता ठराव. तो एकमताने पास होतो, हे वाचताना सतत डोक्यात ठेवा. एखाद्या मुद्द्यावर भाषा गुळमुळीत दिसली, ना तारीख ना पैसा, तर तिथे सगळ्यांचं जमलं नसण्याची शक्यता जास्त. आणि २०२२ ची रेघ विसरू नका, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर त्या वर्षी मार्चमध्ये रशियाच्या विधिमंडळांचा सहभाग थांबवला गेला, त्यामुळे २०२१ आणि २०२३ चे ठराव एकाच मापाने मोजता येत नाहीत, टेबलावर बसलेली माणसंच वेगळी आहेत. हेलकॉममध्ये मात्र रशिया अजून करारातला पक्ष आहे. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण टेबल कितीही बदललं तरी पाणी तेच राहतं, आणि ते पाणी डॅनिश सामुद्रधुन्यांतून पूर्ण बदलायला साधारण २५ ते ३० वर्षं लागतात. समुद्र सरासरी जेमतेम ५५ मीटर खोल, काठाच्या खोऱ्यात साडेआठ कोटींच्या आसपास लोक, म्हणजे एका देशाने घाण टाकली तर ती सगळ्यांचीच होते.

मुद्दा निवडताना एकच निवडा, सगळं धरायला गेलात तर काहीच हातात येणार नाही. माझ्या मते सुरुवातीला समुद्रात बुडवलेला दारूगोळा घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाच्या पूर्वेला आणि स्वीडनच्या गॉटलंड बेटाजवळच्या खोल भागात रासायनिक शस्त्रं हजारो टनांनी टाकली गेली, आणि नुसत्या जर्मनीच्या हद्दीत, म्हणजे नॉर्थ सी आणि बाल्टिक मिळून, सुमारे १६ लाख टन जुना दारूगोळा पडलाय असा अंदाज आहे. धातूची आवरणं गंजतायत. खासदारांनी हा विषय लावून धरला, त्यासाठी कॉन्फरन्सने आपल्यातलेच रॅपोर्टर नेमले, म्हणजे एका विषयावर लक्ष ठेवून रिपोर्ट देणारे. मग जर्मन सरकारने १० कोटी युरोंचा कार्यक्रम मंजूर केला आणि २०२४ मध्ये जर्मनीच्या किनाऱ्यावर ल्यूबेकच्या उपसागरात हा दारूगोळा वर काढायचं पायलट काम सुरू झालं. हे नुसत्या ठरावामुळे झालं असं लिहू नका, त्यामागे जर्मनीतले संशोधक आणि किनाऱ्यावरची राज्यं पण आहेत. तुमचं काम एवढंच की कुठल्या वर्षी मागणी आली, कुठल्या वर्षी कुठल्या सरकारने काय उत्तर दिलं, पैसे कधी आले, हे तारखेनिशी एका खाली एक मांडायचं.

सरकारांची लेखी उत्तरं कॉन्फरन्स एकत्र करून छापते, आणि खरा माल तिथेच आहे. उत्तरात मंत्रालयाचं नाव, रक्कम, वर्ष असेल तर हायलाइट करा, नुसतंच आम्ही या विषयाला महत्त्व देतो असं असेल तर पुढच्या वर्षीचं उत्तर काढा आणि तेच वाक्य परत आलंय का बघा.

उशीर झाला म्हणून मागणी वाया गेली असंही समजू नका. प्रवासी जहाजांचं सांडपाणी बघा, २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बाल्टिकला विशेष क्षेत्र ठरवलं, म्हणजे प्रवासी जहाजांनी प्रक्रिया न केलेलं सांडपाणी तिथे सोडायचं नाही, पण बंदरांत सांडपाणी उतरवून घ्यायची सोय पुरेशी नव्हती म्हणून हा नियम लागू व्हायच्या तारखा पुढे गेल्या, नव्या जहाजांना २०१९, जुन्यांना २०२१, आणि थेट रशियन बंदरांकडे जाणाऱ्या काहींना २०२३.

तुम्ही त्या भागात राहत असाल आणि नुसतं वाचायचं नसेल तर वेळ सांभाळा. परिषद बहुतेक वेळा ऑगस्टच्या शेवटी भरते, २०२४ ला डेन्मार्कमधल्या हेल्सिंगॉरला, २०२५ ला ओलांडमधल्या मारीहाम्नला, आणि मसुद्याचं काम त्याच्या खूप आधीपासून चालू असतं. म्हणून आपल्या संसदेच्या शिष्टमंडळात कोण आहे ते शोधून वसंतातच मेल करा, एकाच मुद्द्यावर, मागच्या वर्षीचं सरकारी उत्तर जोडून, आणि त्यांना विचारा की हा प्रश्न तुम्ही घरच्या संसदेत मंत्र्यांना कधी विचारणार.